समरची अदब

संयोगिताचं लग्न झालं ते साल त्र्याण्णव. तेव्हा समरजित तीन वर्षांचा होता, आणि त्या लग्नात नवऱ्या मुलीपेक्षा त्याचंच कौतुक जास्त झालं.

संयोगिता ही सुभानराव पिसाळांची धाकटी लेक आणि समर त्यांचा नातू, थोरल्या प्रतापसिंहाचा मुलगा. लग्नाला बडोद्याच्या दांडिया बाजारातली सगळी मराठा घरं झाडून आली होती. सुभानरावांचे वडील संस्थानच्या रिसाल्यात होते. पुढे संस्थान गेलं, रिसाला गेला, घोडेही गेले. सुभानराव एका कापडगिरणीच्या फाटकावर जमादार म्हणून राबले आणि तिथूनच निवृत्त झाले. दिवसभर शेठच्या मोटारीला सलाम ठोकणारा हा माणूस घराचा उंबरा ओलांडला की सरदार होई. सकाळी उठून वडीलधाऱ्यांना मुजरा करायचा, जेवताना बोलायचं नाही, मोठी माणसं बसलेली असताना पोरांनी मान वर करायची नाही, कोणी विचारलंच तर जमिनीकडे बघून उत्तर द्यायचं, ही त्या घराची रीत. बाहेर बडोदं बदलत होतं, अलकापुरीत रोज नवी दुकानं उघडत होती, गल्लीतल्या घराघरांत केबल आली होती. पिसाळांच्या घरात मात्र पोरांच्या माना खालीच होत्या.

मांडवात बाकीची पोरं धुमाकूळ घालत होती. समर जरीची टोपी घालून आजोबांच्या मांडीला लागून बसला होता. मान खाली, ओठ मिटलेले, जाजमाचा सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळायचा आणि सोडायचा, गुंडाळायचा आणि सोडायचा. इंदूरचे व्याही उदयसिंहराव त्याच्याकडे बराच वेळ बघत होते.

"पाव्हणं, नातू असावा तर असा," ते म्हणाले. "मघापासून बघतोय, मान वर केली नाही गड्यानं. आणि आमच्याकडची माकडं बघा, मांडवाच्या खांबावर चढलीत."

"रक्तातच असतं ते," सुभानराव म्हणाले, आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

समरची आई शलाका मागे विड्यांचं तबक घेऊन उभी होती. तिनं पोराला हाक मारली. मान हलली नाही. पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. तरी नाही. तेवढ्यात वाढप्याच्या हातातलं झाकण फरशीवर पडलं आणि गरगर फिरायला लागलं. समर झटकन वळला आणि झाकण थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला. म्हणजे ऐकू येत होतं. आईची हाक तेवढी पोचत नव्हती.

शलाका सयाजीगंजच्या रेल्वे कॉलनीतली. तिचे वडील गोविंदराव मालगाडीवर गार्ड होते. त्यांच्या घरात पोरं बापाच्या खांद्यावर चढून भांडायची आणि बाप पोरांच्या डोळ्यांत बघून खोटं पकडायचा. त्यामुळे सासरच्या अदबीतला आणि पोराच्या गप्प बसण्यातला फरक तिला दिसत होता. अदब राखणारं पोर मोठ्यांची पाठ वळली की जीभ काढतं. समर एकटा असला तरी तसाच असायचा. माणसं आली काय, गेली काय, त्याच्या लेखी पंख्याचं पातं मोठं होतं.

तिनं नवऱ्याला सांगितलं. प्रतापसिंह औषधांच्या कारखान्यात पाळीवर जायचा, आणि घरात आवाज न करता वावरायचा.

"तू आबासाहेबांना सांग ना," तो म्हणाला.

"तुमचे वडील आहेत."

"म्हणूनच म्हणतो, तू सांग. मला ते बोलूच देणार नाहीत. तुला निदान ऐकून घेऊन नाही म्हणतील."

ऐकून घेतलं ते सासूनं. जिजाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "रेल्वे कॉलनीत इंजिनाच्या शिट्ट्या ऐकत वाढलेल्या तुम्ही. शांत पोर बघितलंय कुठं? तुझ्या घरी गप्प बसायचं म्हणजे आजारपण."

शेवटी लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी शलाकानं एक डाव टाकला. म्हणाली, मी माहेरी जाते आणि तिथून पोराला दाखवून आणते. सून माहेरी जाऊन नातवाला डॉक्टरकडे नेते, हे दांडिया बाजारात कळलं असतं तर सुभानरावांना मान खाली घालावी लागली असती. ते स्वतःच उठले. कोट घातला, टोपी घातली आणि रिक्षात पुढं बसले.

सयाजीगंजातले ते डॉक्टर लहान मुलांचे नावाजलेले. माणूस वयस्क, गुजराती, बोलायला गोड, अर्धं मराठी बोलायचे. त्यांनी समरला टेबलावर बसवून छाती तपासली, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, मग विचारायला लागले.

"नाव घेऊन बोलावलं की बघतो का?"

शलाकानं तोंड उघडलं, तोवर सुभानराव बोलले होते. "बघायचं कशाला? ऐकतो. आमच्यात पोरं मोठ्यांच्या तोंडाकडे बघत नाहीत."

"सामे जोतो नथी? समोर बघत नाही?"

"नाही. शिकवलंच तसं आहे."

"बोलतो किती?"

"मोठ्यांसमोर नाही बोलत."

"मुलांमध्ये खेळतो?"

"गल्लीतल्या पोरांत आम्ही सोडत नाही त्याला."

एकेक उत्तर घराला धरून खरं होतं आणि पोराला धरून खोटं. शलाका म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तो एकटा असतानासुद्धा..." सुभानराव नुसते खाकरले. ती थांबली. सासरे बोलत असताना सुनेनं बोलायचं नाही, हे तिलाही चार वर्षांत शिकवून झालं होतं. त्या खोलीत त्या दिवशी दोन माना खाली होत्या, पोराची आणि आईची. त्यातली आईची वर आली असती तर पुढचं बरंच काही वेगळं झालं असतं. हे शलाकाला पुढं जन्मभर सलत राहिलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि सुभानरावांना हात जोडले. "बापुजी, आवा संस्कार हवे क्यां जोवा मळे छे? आता कुठं बघायला मिळतात असे?" मग शलाकाकडे वळून म्हणाले, "बेन, मुलगे उशिरा बोलतात. घरात एवढे वडीलधारे आहेत, चिंता करू नका." त्यांनी भूक लागायचं टॉनिक लिहून दिलं.

परतताना सुभानरावांनी रिक्षा थांबवून पेढे घेतले. "डॉक्टर शहाणा माणूस आहे," ते घरात सांगत होते. "त्याला माणसांची पारख आहे."

मग पाच वर्षं गेली. कशी गेली ते सांगायला बसलं तर दोन ओळींत संपेल. समर शाळेत गेला, बाई हजेरी घेताना उठेना, घंटा झाली की कानांवर हात दाबून बाकाखाली बसे, दिवाळीच्या आत घरी आला. दुसऱ्या शाळेत होळीपर्यंत टिकला. तिसरीनं घेतलाच नाही. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं ठरलं होतं की पोराला इंग्रजी झेपत नाही, आणि सुभानराव जोडून देत, "आमच्या घराण्यात पुस्तकी कोणी नव्हतंच."

समोरच्या चाळीतली कौशल्याबेन नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. तिनं एकदा जिन्यात शलाकाचा हात धरला. "फतेगंजला एक बाई आहे. अशा छोकरांना बघते. कोणाला विचारू नको, जा."

शलाका गेली. प्रतापसिंहानं स्कूटरवरून दोघांना फतेगंजला सोडलं आणि गाडी बंदसुद्धा केली नाही.

"आत या ना."

"नको. घरी कोणी विचारलं तर मला माहीत नव्हतं."

"मग सोडायला कोण आलं म्हणून सांगू?"

"रिक्षा," तो म्हणाला आणि गेला.

दीप्तीबेन तिशीची, बडोद्यातच वाढलेली मराठी मुलगी. मुंबईला शिकून आली होती. तिच्या खोलीत टेबल नव्हतं, सतरंजी होती. तिनं समरला हाक मारली नाही. ती त्याच्या बाजूला, जरा लांब बसली आणि रंगीत ठोकळे लावत राहिली. पाऊण तास झाला तेव्हा समरनं तिच्या हातातला ठोकळा काढून घेतला आणि बरोबर जागी लावला. मग ती शलाकाशी बोलली.

"याला ऑटिझम म्हणतात," ती म्हणाली. "ताप नाही की उतरेल. पोरगा बहिरा नाही, वेडा नाही, हट्टीही नाही. त्याचं डोकं जगाशी निराळ्या रीतीनं जोडलेलं आहे. शिकेल, पण आपल्याला त्याच्या वाटेनं जावं लागेल. ताई, आठ वर्षांचा झाला हा. तीन-चार वर्षांचा असताना आणला असता तर..."

"आणला होता," शलाका म्हणाली.

"कोणाकडे?"

शलाकानं नाव सांगितलं.

"आणि काय म्हणाले?"

"म्हणाले, संस्कार आहेत."

दीप्तीबेननं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. एवढ्या वर्षांत शलाकाला कोणी प्यायला पाणी दिलं आणि पुढं काही ऐकवलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. तिला रडू आलं, पण वेळ नव्हता. जिजाबाई देवळातून परतायच्या आत घरी पोचायचं होतं.

मग शिकवणं सुरू झालं. तेव्हा सगळीकडे चालायचं तेच दीप्तीबेनला शिकवलेलं होतं: आधी पोराला नजर द्यायला शिकवा, बाकीचं मागून येईल. शेंगदाणा आपल्या डोळ्यांजवळ धरायचा आणि म्हणायचं, "समर, बघ." बघितलं की शेंगदाणा तोंडात. नाही बघितलं तर नाही. शलाका स्वयंपाकघराचं दार लोटून हे करायची. महिने गेले. एका दुपारी त्यानं बघितलं. सरळ, तिच्या डोळ्यांत. आपल्या पोराचे डोळे किती काळेभोर आहेत ते आईला नवव्या वर्षी कळलं. बघताना त्याच्या पायांची बोटं आखडत होती, मूठ वळत होती, तेही तिला दिसलं. तिला वाटलं, बिचारा मन लावून करतोय.

त्याच सुमारास तो बोलायलाही लागला. पाणी, चल, आई. तीनच शब्द. तिसरा पहिल्यांदा ऐकला तेव्हा शलाकानं परातीतली कणीक तशीच टाकली आणि जमिनीवर बसली.

सुभानरावांना सुगावा लागायचा तो लागलाच.

"सूनबाई, पोराला वर बघायला शिकवताय?"

"हो, आबासाहेब. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"कशासाठी?"

"त्याला माणसं कळावीत म्हणून."

"माणसं कळायला तोंड कशाला बघावं लागतं? तीस वर्षं फाटकावर उभा होतो. मी माणसं जोड्यांवरून ओळखली." आणि आत जाता जाता म्हणाले, "तुमची ती फतेगंजची भानगड माझ्यासमोर नको." त्या आजाराचं नाव त्यांनी शेवटपर्यंत तोंडातून काढलं नाही. फतेगंजची भानगड, एवढंच.

दोन हजार सालच्या दसऱ्याला इंदूरचे उदयसिंहराव आले होते. संयोगिताही आली होती, पोटुशी होती. बैठकीत पाटावर रिसाल्यातली जुनी तलवार झेंडूच्या माळेत मांडली होती. पूजा झाली, आणि घरातली पोरं मोठ्यांना आपट्याची पानं द्यायला लागली. शलाकानं समरला आठवडाभर शिकवलं होतं. पान हातात ठेवायचं, वाकायचं, सरळ व्हायचं. तिनं त्याला बैठकीच्या दारापर्यंत आणून सोडलं. दहा वर्षांचा पोरगा, पांढरा झब्बा, भांग पाडलेला. तिला वाटत होतं, आज सगळ्यांसमोर दिसेल की पोर शिकतंय.

समरनं पान दिलं. वाकला. सरळ झाला. आणि शिकवल्याप्रमाणे उदयसिंहरावांच्या डोळ्यांत बघायला लागला. बघितलं की मिळतं, हे त्याला ठाऊक होतं. मिळालं नाही, म्हणून तो आणखी जवळ गेला. नाकाला नाक लागेल इतका. आणि त्यानं आ वासला.

"अरे, मला काय दाताचा डॉक्टर समजलास?" उदयसिंहराव म्हणाले. बैठक हसली. समर हलला नाही. तसाच बघत राहिला. हसणं ओसरलं. उदयसिंहराव मागं सरकून बसले आणि म्हणाले, "सुभानराव, नातवानं तर डोळे वटारले की आमच्यावर. बरं आहे ना याचं?"

सुभानराव उठले आणि त्यांनी पोराच्या थोबाडीत मारली.

समर रडला नाही. हातातली उरलेली पानं त्यानं एकावर एक नीट ठेवली. शलाका दारातून आत धावली, तेव्हा सुभानराव व्याह्यांना म्हणत होते, "माफ करा, पाव्हणं. पोर आमचंच आहे, पण वळण आईचं लागलंय."

त्या दिवसापासून कोणी समोर आलं की समर डोळ्यांवर हाताचा कोपर आडवा धरायचा. शेंगदाणा तोंडाशी नेला तर ओठ घट्ट मिटायचा. ताट जमिनीवर ठेवून माणूस खोलीबाहेर गेलं तरच जेवायचा. तिन्ही शब्द गेले. वर्षभरानं पाणी परत आला, पुढं केव्हातरी चल आला. आई आला नाही.

शलाकानं फतेगंज सोडलं नाही. आता ती कोणाला विचारत नव्हती आणि कोणी तिला अडवतही नव्हतं. दसऱ्याचा विषय घरात निघत नसे. तिच्या मनात एकच होतं. सुभानरावांनी कधीतरी, कोणासमोर नको, एकट्या तिच्यासमोर म्हणावं, की सूनबाई, चुकलं. पोराची गेलेली वर्षं त्यानं परत येणार नव्हती. पण ती वर्षं गेली हे दुसऱ्या कोणाला तरी माहीत आहे, एवढं तरी झालं असतं.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात दीप्तीबेननं तिला मुद्दाम बोलावून घेतलं. ती पुण्याला कसल्याशा परिषदेला जाऊन आली होती.

"ताई, एक सांगायचंय," ती म्हणाली. "काही मुलांना डोळ्यांत बघणं म्हणजे भर दुपारी सूर्याकडे बघण्यासारखं असतं. त्रास होतो. आता मोठी झालेली अशी माणसं स्वतः लिहून सांगायला लागलीत. आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं."

"मग ते शेंगदाणे?"

"आम्हाला जे शिकवलं ते आम्ही तुम्हाला शिकवलं."

शलाकाला पायांची आखडलेली बोटं आठवली.

"आता शेजारी बसून बोला त्याच्याशी," दीप्तीबेन म्हणाली. "खाली बघू दे. खाली बघतो तेव्हाच तो नीट ऐकतो."

"आणि तीन वर्षांचा असतानाच हे केलं असतं तर?"

"बोलला असता कदाचित. मला खोटं सांगता येणार नाही, ताई, आणि खरंही माहीत नाही."

समोर बसायचं सोडल्यावर समर खरंच निवळला. दीप्तीबेनच्या केंद्रात कागदी पिशव्या चिकटवायला बसला की दुपारभर बसायचा, आणि शेजारी बसून काही सांगितलं की करायचा. शलाकानं हे घरी सांगितलं. तिची चूक एवढीच की तिनं ते सुभानरावांना सांगितलं. तिला वाटलं होतं, हे ऐकून तरी म्हातारा विरघळेल.

सुभानराव खुर्चीत बसले होते, हातात काठी. ऐकून झालं तसे ते हसले. "म्हणजे मी सांगत होतो तेच की. पोराला खाली बघू द्या. डॉक्टरिणीला सात वर्षं लागली तेवढं कळायला."

"आबासाहेब, ते निराळं. आपण त्या सयाजीगंजच्या डॉक्टरांना खोटं सांगितलंत."

"एक शब्द खोटा नव्हता," सुभानराव म्हणाले. "तू होतीस की तिथं. बोलायचं होतंस."

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर ते म्हाताऱ्यांना सांगत होते, "फतेगंजची डॉक्टरीण शेवटी माझ्या मताला आली." शलाका फुलं घ्यायला थांबली होती, तिनं ते ऐकलं. तिनं बोलायला हवं होतं, हे खरं होतं. पोराला खाली बघू द्यायला हवं होतं, हेही खरं होतं. सगळं खरं म्हाताऱ्याच्या बाजूला जाऊन बसलं होतं.

थंडी पडली तेव्हा सुभानरावांना धाप लागायला लागली, आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. डबा शलाकाच नेई. प्रतापसिंह पाळीवर, जिजाबाईंना जिने चढवत नसत. एका सकाळी सुभानरावांनी विचारलं, "समर काय करतो?"

"केंद्रात गेलाय. आणू का त्याला इथं?"

"नको. इथं भांडी फार आपटतात. त्याला सोसायचं नाही. तो अंग चोरून घेतो, कोणाला दिसत नाही तसं."

शलाकाचा हात डब्यावरच राहिला. भांड्यांच्या आवाजानं समर अंग चोरतो, हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच ते उशिरा कळलं होतं.

"आपल्याला हे केव्हापासून माहीत आहे?"

सुभानराव खिडकीकडे बघत होते. "माझ्याच मांडीला लागून असायचा तो. मला कळणार नाही? पहिल्यापासून माहीत होतं, पोरात काहीतरी उणं आहे."

"मग डॉक्टरांपुढं तसं का बोललात?"

"संयोगिता नुकतीच नांदायला गेली होती. भावाचं पोर वेडं आहे असं इंदूरला कळलं असतं तर त्यांनी तिला परत पाठवली असती. एक घर वाचवायचं होतं, ते वाचवलं. तुझ्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो." त्यांनी डब्याकडे बोट केलं. "वरण निवतंय. वाढ."

शलाकानं वरणभात कालवला. त्यांना धाप लागत होती म्हणून तिनंच भरवला, तोंड पुसलं, डबा धुऊन घेतला आणि ती जिना उतरली. त्यांना ते चूक वाटलंच नव्हतं. त्यांनी हिशेब करून एक पोर दिलं होतं आणि एक राखलं होतं, आणि जे दिलं ते तिचं होतं.

हे तिनं प्रतापसिंहाला सांगितलं नाही, संयोगिताला तर नाहीच. संयोगिताला तेव्हा दुसरं मूल व्हायचं होतं.

सुभानराव पिसाळ दोन हजार सहा साली, उत्तरायणाच्या आदल्या दिवशी सकाळी, दवाखान्यात वारले.